गादीकाकांचा संशय

सोफ्यांना नवं कापड चढवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी गल्ली गादीकाका म्हणायची. बायको गेल्यापासून ते मुलीकडे राहत होते. त्यांच्या दुकानाला लागून एका घटस्फोटित बाईंची लाँड्री होती. दुपारचा चहा दोघं एकत्र घेऊ लागली, आणि एका दुपारी गोष्ट चहावर थांबली नाही. कंडोम बाईंनीच पुढे केला. काकांनी लाजत का होईना, तो वापरला.

घरी आल्यावर मात्र बायकोच्या फोटोकडे त्यांना बघवेना. आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. बाईंकडे कंडोम तयार कसा? म्हणजे आधी कुणीतरी असणार. त्या कुणाला काही असलं तर? एचआयव्ही हा शब्द डोक्यात शिरला, तो निघायचं नाव घेईना.

काकांनी आपला टॉवेल, पेला वेगळा केला. शिवताना बाकदार सुई बोटात घुसली आणि कापडावर रक्ताचा ठिपका पडला, तर त्यांनी अख्खा तुकडा जाळला. नातीने त्यांच्या पेल्याला तोंड लावलं, तेव्हा ते असे काही खेकसले की पोर रडत आईकडे पळाली.

"बाबा, आमचं काही चुकलं का?" मुलीने विचारलं.

"घसा धरलाय माझा," काका म्हणाले, आणि खोटं बोलल्याची आणखी एक टोचणी लागली.

शेवटी त्यांनी लाँड्री गाठली. "तुम्हाला... तसला काही आजार नाही ना?"

चादरीची घडी घालणारे बाईंचे हात थांबले. "आधी विचारलं असतंत, तर सरळ सांगितलं असतं. आज मला पिंजऱ्यात उभं करून विचारताय."

काका मान खाली घालून बाहेर पडले आणि थेट दवाखान्यात गेले. डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाची. सगळं, अगदी नातीवर खेकसल्याचंही, सांगताना त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"कंडोम फाटला, निसटला?"

"नाही."

"मग धोका नसल्यातच जमा. आणि काका, उष्ट्याने हा आजार होतच नाही. नातीला खुशाल जवळ घ्या."

मनाची खात्री व्हावी म्हणून तिने तपासणी केली, योग्य मुदतीनंतर पुन्हा केली. दोन्ही वेळा काही निघालं नाही. पण काकांना हायसं वाटेना. ते पुन्हा लाँड्रीत जाऊन उभे राहिले.

"माझा रिपोर्ट चांगला आला."

"बरं झालं." इस्त्री फिरतच होती.

"ते सांगायला नाही आलो. चोर मी माझ्या बायकोपुढे झालो होतो, आणि आळ तुमच्यावर घेतला. चुकलो."

बाईंनी इस्त्री उभी केली. "तो कंडोम मी त्याच सकाळी आणला होता. तुमच्यासाठी. दुकानदाराच्या नजरेला नजर न देता."



संध्याकाळी भाजी निवडणाऱ्या मुलीजवळ बसून त्यांनी जमेल तेवढं सांगितलं. तिने भाजीची परडी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "आई असती तर तुमच्याशी दोन दिवस बोलली नसती."

"महिनाभर," काका म्हणाले.

बाईंनी पुढे कितीतरी दिवस कामापुरतंच बोलणं ठेवलं, आणि काकांनी ते मुकाट्याने सोसलं.