बांगड्याच्या तिखल्याचा पुरावा

माझ्या फोनमध्ये एक व्हिडिओ होता. त्यात सासूबाई बांगड्याचं तिखलं चाखतात आणि म्हणतात, "माझ्यापेक्षा बरं झालंय." लग्नानंतर त्यांच्या तोंडून निघालेलं हे एकमेव कौतुक, तेही मी चोरून टिपलेलं. गणपतीला मुंबईहून जावा आल्या की दाखवायचं म्हणून जिवापाड जपलं होतं.

आणि अपडेट घेता घेता फोन काळा पडला.

नवरा शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. त्याने दोन बटणं एकदम दाबून धरली आणि फोन रिकव्हरी मोडमध्ये गेल्याचं जाहीर केलं. सासूबाईंना रिकव्हरी फक्त इस्पितळातली ठाऊक. शेजारच्या काकूंची मोतीबिंदूनंतर छान झाली होती. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि फोनवर पातळ फडकं घातलं.

नवऱ्याने फडकं काढून फोन कॉम्प्युटरला जोडला. कॉम्प्युटर ओळखच दाखवीना. घरातल्या सगळ्या केबली लावून झाल्या, पण त्या नुसत्या चार्जिंगच्या. फोनच्या खोक्यातली मूळ केबल कुठे आहे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी त्याने फर्मान काढलं, सगळं पुसून टाकू.

मी त्याचं मनगट धरलं. आत काय एवढं आहे, असं त्याने विचारलं. सासूबाई समोरच उभ्या होत्या. तरी सांगून टाकलं.

त्या आत गेल्या आणि पांढरी केबल घेऊन आल्या. तिला खारवलेल्या कैऱ्यांचा वास येत होता.

"ही बघ चालते काय. बरणीच्या तोंडावर फडक्याचा दादरा हिनंच बांधला होता. सुतळीपेक्षा घट्ट बसते गो."

नवऱ्याने केबल पुसून लावली. कॉम्प्युटरने टुंग केलं. मग त्याने कंपनीचं सॉफ्टवेअर आतलं काही न पुसता परत भरलं. फोन उघडला, तेव्हा मला रडूच आलं. एका तिखल्यासाठी रडणारी बाई रत्नागिरीत मी एकटीच असेन.

सासूबाईंनी चष्मा मागितला. व्हिडिओ दोनदा बघितला. आता पुसायला लावतात की काय, म्हणून मी फोन मागे ओढला.

"असू दे तो," त्या म्हणाल्या. "पण मशीन खाली ठेव जरा. तुला नीट सांगते."

मी फोन उपडा ठेवला. त्या पुढे काय म्हणाल्या, त्याचा पुरावा माझ्याकडे नाही.