रात्री अकरा ते पहाटे पाच

"ताई, रात्री अकराला उडून पहाटे पाचला अमेरिका? लई जवळ आली की!"

तिकिटाच्या प्रिंटवर बोट ठेवून अंबादासराव म्हणाले. करमाडचे शेतकरी. शेजारी त्यांच्या पत्नी चंद्रकलाबाई. मुलगी न्यू जर्सीत, तिचं पहिलं बाळंतपण. बाई एकट्याच निघाल्या होत्या.

मला हसू आलं. जालना रोडवरच्या आमच्या ट्रॅव्हल एजन्सीत हा गोंधळ नेहमीचा. तिकिटावर लोकल टाइम छापतात, म्हणजे ज्या त्या गावच्या घड्याळाची वेळ. तिकडचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं असतं. ते धरले की प्रवास साडेपंधरा तासांचा. सलग, कुठंही न उतरता.

अंबादासरावांचा चेहरा उतरला. "म्या तर डाक्टरला सहा तास सांगितलं! म्हणून त्यांनी खुशाल जा म्हणलं."

"डॉक्टरांना कशाला विचारलंत?"

"मागल्या साली हिच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली व्हती."

माझं हसू तिथंच थांबलं. लगेच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. खरे तास ऐकून ते म्हणाले, "सलग एवढं बसणं नको. मध्ये उतरून चालता येईल असं बघा. आणि आधी त्यांना परत माझ्याकडे पाठवा."

एजन्सीच्या मालकांना, म्हणजे आमच्या सरांना सांगितलं, तर ते वैतागले. "नॉनस्टॉप सीट मिळालीय. ती कॅन्सल करायची?"

"सर, गाठ परत झाली तर?"

सरांनी तिकीट माझ्याकडे सरकवलं. "कर कॅन्सल."

मी जर्मनीतल्या फ्रँकफर्टचा हॉल्ट शोधला; तिथं उतरून विमान बदलायचं. अंबादासरावांना वाटलं, लांबचा फेरा पडणार. मी टेबलावरच्या पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते न्यू जर्सी दोरा ताणून दाखवला. दोरा सरळ पश्चिमेला न जाता युरोपच्या डोक्यावरून गेला. जर्मनी त्या वाटेच्या जवळच. अंतर थोडंसंच वाढतं, वेळ वाढतो तो थांबण्याचा.

आता चंद्रकलाबाई अडून बसल्या. "परक्या मुलखात मी कोणाला इचारू? मला मराठीबिगर काय येत नाय."

"काकू, तिकिटात व्हीलचेअर लिहिते. एक माणूस चाकाच्या खुर्चीत बसवून या विमानातून त्या विमानापर्यंत नेऊन सोडतो."

"मी काय लंगडी हाय का?"

"नाही हो. वाट दाखवायला माणूस मिळतो म्हणून घ्यायची. विमानात मात्र उठून चालायचं."

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, गोळ्या दिल्या आणि जायला परवानगी दिली. बाई निघाल्या.

पोहोचल्यावर त्यांनी स्वतः ऑफिसात फोन केला. पाय ठणठणीत होता. "ती खुर्चीवाली पोर लई गोड व्हती, ताई. मी म्हणलं, तूच बस, मी ढकलते. ती तिच्या बोलीत बोलली, मी माझ्या. अख्खं विमानतळ हिंडलो." नंतर नात झाल्याचे पेढे घेऊन अंबादासराव आले. सरांनी दोन खाल्ले.

तेव्हापासून विमानाच्या वेळा मी नंतर सांगते. आधी गिऱ्हाइकाला विचारते, एका जागी किती वेळ बसवतं?