भाऊजींचं गळ्याशी भांडण

माझ्या थोरल्या दिरांनी आजवर कोणाचंही ऐकलेलं नाही, स्वतःच्या हृदयाचंसुद्धा नाही. वालीवच्या कारखान्यात फिटर होते. भोंगा विनाकारण वाजला की साहेबांना न विचारता त्याची वायर काढून खिशात घालायचे. निवृत्तीनंतर नंदाखाल गावच्या आमच्या केळीच्या वाडीत रमले, आणि हृदय कमजोर झालं. आता चार पावलांवर धाप लागते. पाय सुजले तर म्हणतात, "चपला आखूड झाल्यात." मीठ कमी करायला सांगितलं, तर सुके बोंबील हे मीठ नसून मासळी आहे, असा त्यांचा युक्तिवाद.

डॉक्टरांनी नीट समजावलं, "काका, गळ्यात दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढे पहारेकरी असतात. रक्तातला प्राणवायू घटला की ते मेंदूला ओरडून कळवतात. तुमचे उगाचच ओरडतात. त्याने नसा खवळतात, थकलेल्या हृदयाला पळवतात, आणि ते आणखी थकतं."

"मग वायर काढा ना!"

"तसे प्रयोग झालेत. पण उद्या खरंच प्राणवायू कमी पडला तर कळवणार कोण? गोळ्या घ्या, सावकाश श्वास घ्यायला शिका."

"सत्तर वर्षं घेतोय. शिकवणी लावली नव्हती!"

घरी आल्यावर त्यांनी स्वतःचा इलाज काढला. बोटाला ऑक्सिमीटर लावून आरशासमोर उभे राहायचे आणि आकडा गळ्याला दाखवायचे. "वाच! सत्त्याण्णव! आता गप्प बस!" आवाज चढला की धाप वाढायची, धाप वाढली की आवाज. शेवटी मी ते यंत्र काढून घेतलं.

"भाऊजी, बसा. माझ्याबरोबर श्वास घ्या."

"तू कधी डॉक्टर झालीस गं?"

"बोलू नका. सोडा श्वास."

रोज सकाळी ओट्यावर हे चालतं. चिडून करतात, पण करतात. कारण त्यांच्या मुलाची, म्हणजे माझ्या पुतण्याची, अट आहे: "बाबा, विहिरीपर्यंत स्वतः जाऊन येताय तोवर वाडीत राहा. जमलं नाही की विरारला माझ्या फ्लॅटवर." साक्षीदार मी.

विहिरीकडे जाताना भाऊजी वाटेत थांबतात. दमून नव्हे, मला केळ दाखवायला. "ही राजेळी. हिचीच केळी वाळवून सुकेळी करतात." हे मला लग्न झाल्यापासून ठाऊक आहे. तरी मी "हो का?" म्हणते. संध्याकाळी पुतण्याचा फोन येतो. "काकू, बाबा जाऊन आले?" "आले." वाटेतलं तो विचारत नाही, मी सांगत नाही.

गणपतीत विहिरीपर्यंत दोनच केळींची माहिती ऐकावी लागायची. आता पाच झाल्यात. सहावीपाशी मीच आधी थांबते आणि विचारते, "भाऊजी, आणि ही कोणती?"