मामांचा शेरा

कुणापासून काहीही लपवू न शकणारा माणूस अख्ख्या जगात एकच, आणि तो बेलापूरजवळच्या वस्तीवर राहतो: माझ्या बायकोचे मामा. मी नगरला कंपन्यांच्या संगणकांची सुरक्षा सांभाळतो, म्हणजे लोकांना पासवर्ड लपवायला शिकवून पोट भरतो. मामांनी विहिरीची मोटर मोबाईलवरून चालू करायचं यंत्र बसवलं आणि त्याचा पासवर्ड मोटरखोलीच्या भिंतीवर हातभर अक्षरांत ऑइलपेंटनं लिहून काढला. ते पाहून मी मटकन खालीच बसलो. मामा म्हणाले, "विहीर सामायिक हाय, जावईबापू. भावाची पाळी आली की त्यानं काय मला हुडकत फिरायचं?" गोठ्यातल्या कॅमेऱ्याला तर दुकानातून आला तोच पासवर्ड. माझ्या घरी बसून मी तो दोन मिनिटांत उघडून दाखवला. दाखवताना मलाच घाम फुटला, मामा मात्र हरखले. "म्हंजी आमी कुठूनबी दिसतो? लई झ्याक!" दुसऱ्या दिवसापासून ते धुवट टोपी घालून धारा काढू लागले.

मग एक ब्लॉकचेनवाली दूध कंपनी आली. गाईंच्या गळ्यात पट्टे बांधले. ताप, रवंथ, दूध, सगळं आपोआप नोंदलं जाऊ लागलं. एकच नोंद इतक्या ठिकाणी गुंतवून ठेवतात की लिहिलेलं पुन्हा कुणाच्या बापाला खोडता येत नाही. दुधाच्या पिशवीवरचा क्यूआर कोडचा चौकोन मोबाईलनं टिपला की गिऱ्हाइकाला त्या गोठ्याची नोंद दिसते. आणि सगळ्यात खाली गोठेवाल्यानं स्वतः भरायचा एक रकाना होता, शेरा. मामांचा जन्म गावच्या दूध सोसायटीत सचिवगिरी करण्यात गेलेला. कोऱ्या शेऱ्यावरून एका तपासनिसानं त्यांना चारचौघांत झापलं होतं, तेव्हापासून तो रकाना रिकामा सोडणं त्यांच्या लेखी पापच. त्यामुळे नगरकर मंडळी चहा उकळेपर्यंत वाचत होती: "काळीने लाथ मारली. चूक माझी." "बांधावरून भावाशी बोललो. जरा जास्तच बोललो." मी फोनवर किंचाळलो, "मामा, हे जगाला दिसतंय हो!" पलीकडून शांत आवाज आला, "त्यात खोटं काय हाय?"

गेल्या हिवाळ्यात मामी पोटाच्या तपासण्यांसाठी मामांसोबत आमच्याकडे राहायला आल्या. रिपोर्ट मामांनी घेतले, "पित्त हाय" म्हणून सांगितलं आणि मामींना आमच्याकडेच ठेवून गडबडीनं गावी निघून गेले. दोन दिवसांनी मामी स्वयंपाकघरात उसासल्या, "माझ्या गाया कशा हायत कुनास ठावं." मला हुशारी सुचली. "थांबा मामी, आत्ता दाखवतो," म्हणत मी मामांच्याच गोठ्यातून आलेल्या दुधाच्या पिशवीवरचा चौकोन टिपला आणि फोन त्यांच्या हातात दिला. मामी चष्मा सावरत वाचू लागल्या. काळीला ताप नाही, रवंथ ठीक. मग त्या थांबल्या. मी वाकून पाहिलं. शेऱ्यात लिहिलं होतं: "हिला पित्त नाही. डॉक्टरांनी मोठा आजार सांगितला. हिला सांगायचा धीर होत नाही. आज काळीची धार अर्धीच काढली."

दुसऱ्यांची गुपितं राखणारा मी, आणि हे माझ्या हातून झालं. मला मामींकडे बघवेना. मीच मामांना फोन लावला. ऐकून ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "तेवढं खोडा, जावईबापू. तुमी त्यातलेच ना?" खोडता येत नाही, असं मी सांगितलं. मामींनी फोन घेतला. "ऱ्हाऊ द्या तसंच. तुमाला तोंडानं सांगता आलं नसतं, अन् मला इचारता आलं नसतं. या आता इकडं."

दुपारच्या एसटीनं मामा आले. सगळ्या जगाला सगळं सांगणारा तो माणूस दारात मान खाली घालून उभा राहिला. मामींनी विचारलं, "जेवलात का?" त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. मामींनी ताट वाढलं आणि ते शेवटचा घास घेईपर्यंत समोर बसून राहिल्या. मग दोघं दवाखान्यात निघाली. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी शेजारी चालताना पाहिलं नव्हतं. मामा नेहमी दहा पावलं पुढे असायचे. त्या दिवशी मामींनी त्यांचं मनगट धरलं होतं आणि मामा त्यांच्या चालीनं, हळूहळू चालत होते.