जोडाघरातला तिसरा जोड

इथले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचत आले, करमणूक म्हणून. खोटं कशाला बोलू? वाचून झालं की ह्यांना म्हणायचे, लोकांना काय काय सुचतं बघा! पलूसला माझी रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब आहे. काचपट्टीवर जे दिसतं ते आहे आणि जे दिसत नाही ते नाही, या हिशोबानं माझं आयुष्य चाललेलं. आजही मी कुणाचा अंगारा घेत नाही. पण दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये जे घडलं ते मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

आमचं घर पलूसजवळच्या एका गावात. घरात मी, माझे मिस्टर, सासूबाई — त्यांना मी आत्या म्हणते — आणि माझी जाऊ सारिका. धाकटे दीर, संतोष भावजी, फौजेत होते. उत्तराखंडात बद्रीनाथच्या रस्त्यावर ऐन पावसाळ्यात दरड कोसळली आणि त्यांची गाडी अलकनंदेत गेली. बाकीचे सापडले. भावजी सापडले नाहीत. पुढे सरकारी कागद आला, पेन्शन सुरू झाली. ट्रंकही घरी आली. आत्यांनी ती दारातच उघडून एकेक वस्तू बाहेर काढली. वर्दी होती, घोंगडी होती, दाढीचं सामान होतं. पायताणं नव्हती.

ही पायताणं म्हणजे आपल्याकडची साधी चामड्याची, जाड तळव्याची. सुट्टीवर आले की भावजी तीच घालून रानात फिरायचे. शेवटच्या सुट्टीत डाव्या पायताणाचा अंगठा तुटला, तेव्हा आत्यांनी खताच्या पोत्याच्या निळ्या दोऱ्यानं तो शिवून दिला होता. जाताना ती पायताणं ते बरोबर घेऊन गेले. ट्रंकेत ती नाहीत म्हटल्यावर आत्यांनी एकच धरून ठेवलं : "पायताण घालून गेलाय म्हंजे कुठंतरी चालतोय."

अशी पाच-सहा वर्षं गेली. सारिका तिशीचीसुद्धा नव्हती. तिच्या माहेरी, कराडला, एक चांगलं स्थळ चालून आलं. तिचे वडील घरी येऊन गेले, हात जोडून बोलले. आत्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. नुसतं म्हणाल्या, मला एकदा ती जागा बघून येऊ द्या. सारिका आतल्या खोलीत उभी राहून ऐकत होती. तिनं आयुष्यात कधी आत्यांचा शब्द मोडला नसता, आणि तेच आम्हा नवरा-बायकोला खात होतं.

सांगलीहून एक यात्रेची बस जाणार होती, त्यात आमची दोघींची नावं घातली. ह्यांना दुकान सोडून येणं शक्य नव्हतं.

बद्रीनाथला दर्शन झालं. तिथं ब्रह्मकपाल म्हणून जागा आहे, नदीकाठी, पिंडदानाची. आत्यांनी सासऱ्यांच्या नावानं पिंड दिला. गुरुजींनी विचारलं, अजून कुणाच्या नावानं? मी आत्यांकडं बघितलं. त्यांनी पुढं केलेला हात मागं घेतला आणि पदराला पुसला.  

परतीच्या वाटेवर गोविंदघाटला मुक्काम होता. तिथून वर शिखांचं हेमकुंड साहिब. उंच डोंगरात तळं, काठावर गुरुद्वारा आणि शेजारीच लक्ष्मणाचं छोटं देऊळ. भावजी एकदा त्यांच्या पलटणीतल्या सरदार मित्रांबरोबर तिथं गेले होते. तिथून उतरल्यावर त्यांनी फोन केला होता... आये, तळ्याचं पाणी इतकं गार हाय की हाडं वाजत्यात, तुला एकदा आणतो. म्हणून आत्यांना तिथं जायचंच होतं.

पहिल्या दिवशी वाटेतल्या घांघरियाला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर निघालो. आत्या खेचरावर, मी चालत. चढ असा की दोन वळणांतच त्या दिसेनाशा झाल्या. ऊन होतं, आभाळ स्वच्छ. हे मुद्दाम लिहिते — त्या दिवशी पाऊस नव्हता.

मी धापा टाकत वर पोचले तेव्हा आत्या जोडाघराच्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. जोडाघर म्हणजे चपला-बूट ठेवायची खोली. त्यांचे बूट आधीच आत गेले होते, हातात टोकन होतं. मी म्हटलं, एकट्यानं कसं जमवलं? त्या म्हणाल्या, खेचरवाल्यानं दंड धरून वर आणलं, त्यानंच बूट काढून दिलं, मला तर गरगरत हुतं. मी माझे बूट त्याच टोकनवर ठेवायला दिले. दर्शन घेतलं, लक्ष्मणाच्या देवळात गेलो. तळ्याचं पाणी आत्यांनी डोळ्याला लावलं. लंगरमध्ये गरम खिचडी आणि चहा घेतला. 

दुपार कलायच्या आत सगळ्यांना खाली उतरावं लागतं. आम्ही टोकन दिलं. जोडाघरातल्या वयस्कर सरदारजींनी फळीवर तीन जोड ठेवले. माझे बूट, आत्यांचे बूट आणि चामड्याची पायताणं.

मी म्हटलं, बाबाजी, ही आमची नाहीत. ते हिंदीत म्हणाले, तुमचीच. माताजींना हात धरून जो मुलगा घेऊन आला, त्यानंच दोन्ही जोड एकदम दिले, एक माताजींचा आणि एक स्वतःचा. माझ्याशी काही बोलला नाही, नुसता हसला.

आत्यांनी तोवर डावं पायताण उचललं होतं. अंगठ्यावरच्या निळ्या दोऱ्यावरून त्यांचं बोट फिरत होतं. तळव्याला आपल्या रानातली असते तशी काळी माती चिकटलेली होती. अगदी सुकलेली, नखानं खरवडली तर भुगा पडेल अशी. तिथं सगळ्यांचे बूट वाटेतल्या झऱ्यांच्या चिखलानं ओले झालेले. ही तेवढी कोरडी.

मी म्हटलं, आत्या, आपल्याकडचंच कुणीतरी आलं असेल यात्रेला, असली पायताणं सगळेच घालतात.

"माझी शिवण मला वळखू येत न्हाई व्हय?" त्या शांतपणे म्हणाल्या.

मग त्या बाकावर जाऊन बसल्या आणि गुरुद्वाऱ्याच्या दाराकडं बघत राहिल्या. माणसं येत होती, बूट घालून उतरत होती.  माझ्या डोक्यात भुताचं काही नव्हतं. आता आत्या कायमच्या याच आशेवर बसणार आणि सारिकाचं आयुष्य घरातच संपणार, एवढंच दिसत होतं. जोडाघर रिकामं झालं. पायताणांवर कुणी हक्क सांगितला नाही. सरदारजींनीच आत्यांना उठवलं. आत्यांनी ती पदरात गुंडाळली आणि मांडीवर घेऊन खेचरावर बसल्या. खेचरवाल्याला मी विचारलं, आईंना जोडाघरापर्यंत तू सोडलंस ना? तो म्हणाला, मी जनावर सोडून खालच्या खेचरांच्या तळावरून हलत नाही.

घांघरियाच्या खोलीत पोचलो तेव्हा अजून उजेड होता. आत्या कॉटवर बसल्या, पदर उलगडला. मग मला हाक मारली.

पायताणांतून पाणी गळत होतं. ओलसर वगैरे नाही... महिनोन्‌महिने पाण्यात पडलेलं चामडं होतं तशी ती फुगली होती, काळी पडली होती. काळ्या मातीचा कण नव्हता. शिवणीत बारीक पांढरी वाळू भरली होती, चमकणारी, नदीची. कॉटखाली पाण्याचं थारोळं साचत होतं. मी आत्यांच्या पदराला हात लावला. पदर कोरडा. मांडीवरची साडी कोरडी. मी वेड्यासारखी पिशव्या तपासल्या, पाण्याची बाटली बघितली. झाकण घट्ट, बाटली भरलेली. वर छताकडं बघितलं. छत कोरडं होतं.

आत्या रडल्या नाहीत. एक पायताण नाकाशी नेलं, हुंगलं, परत खाली ठेवलं.

"पाण्यातच हाय गं त्यो," म्हणाल्या. "सांगायला आला हुता."

दुसऱ्या दिवशी उतरून गोविंदघाटला आलो. तिथं वरून येणारी नदी अलकनंदेला मिळते. आत्या काठावर बसल्या, आधी उजवं पायताण पाण्यात सोडलं, मग डावं. ओढ इतकी की बघता बघता नाहीसं झालं. त्या पाण्याकडं बघून म्हणाल्या, "जा बाबा. माझ्यासाठी अडकू नगंस."

मग माझ्याकडं फोन मागितला. सारिकाला लावला. पलीकडून ती तब्येत विचारत होती, ते मला ऐकू येत होतं. आत्यांनी मध्येच तोडलं, "तुझ्या बाला सांग, माझी ना न्हाई. आणि लगीन आपल्या दारातनं हुईल."  फोनमधून सारिकाच्या हुंदक्यांचा आवाज आला. हरिद्वारला आल्यावर आत्यांनी भावजींच्या नावानं पिंड दिला.

लग्न आमच्या अंगणात झालं. आत्यांनी मुलीच्या आईसारखं सगळं केलं. सारिका आता कराडला असते, तिला मुलगी आहे.

मी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, उंचीवर माणसाला भास होतात. असेल. पण सरदारजी तर महिनेच्या महिने तिथंच राहणारे, त्यांना कसला भास? आणि थारोळं मी स्वतः फडक्यानं पुसलंय, फडकं दोनदा पिळलंय. तपासणीचा धंदा माझा, तरी याचा रिपोर्ट मला देता येत नाही. कुणाला देता आला तर जरूर लिहा.

मागच्या महिन्यात भाजी निवडता निवडता मी आत्यांना पहिल्यांदाच विचारलं, त्या दिवशी चढावर तुम्हाला भावजी दिसले होते का?

"दिसला न्हाई," त्या म्हणाल्या. "मी वर बघितलंच न्हाई. मला वाटलं खेचरवाला हाय. पर दंड धरला तवा मनात आलं, ह्याचा हात किती गार हाय."