बाईंच्या आईची हाक

बाई टेपमधल्या माणसांना उत्तरं द्यायच्या. वीस वर्षांपूर्वीच्या रेडिओवर एखादा म्हातारा श्रोत्यांची खुशाली विचारायचा आणि सिंगापूरला पाया लेबारमधल्या आमच्या गारठलेल्या ऑफिसात हेडफोन लावून बसलेल्या बाई मोठ्याने सांगायच्या, "आतिये माबेर." म्हणजे, मी बरी आहे. एकदा मी छेडलंच, तर म्हणाल्या, "कुणी विचारपूस केली तर तुमच्याकडे गप्प बसतात का?" मी अस्सल पुणेकरीण. गप्पच बसले.

बाई युगांडाच्या उत्तरेकडच्या, अचोली बोलणाऱ्या. नवरा तुआसला जहाजांवर इंजिनिअर, घर बेडोकला. माणसांचं बोलणं कॉम्प्युटरला समजावं म्हणून आम्ही निरनिराळ्या भाषांतल्या टेपा लिहून काढायचो. अचोलीची पाळी आली तेव्हा शोधून शोधून या एकट्याच सापडल्या. ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण मी त्यांना पहिल्या दिवसापासून 'बाई'च म्हटलं. नाकावर घसरलेला चष्मा आणि चूक काढण्याची ती शांत पद्धत थेट माझ्या शाळेतली होती.

एक नियम मात्र त्यांना कधी पटला नाही. टेपमध्ये कुणाचं नाव आलं की ते लिहायचं नाही, आणि आवाजातूनही पुसून टाकायचं; तेवढ्यापुरती टेप मुकी. लोकांच्या खासगीपणासाठी हा नियम, आणि तो राबवणारी मी. बाई कुरकुरत करायच्या. "नाव काढल्यावर ते बोलणं कुणाचं राहतं?" त्यांनी विचारलं. "कुणाचंच राहू नये म्हणून तर काढायचं," मी म्हटलं. फार चोख उत्तर दिलं, असं वाटलं होतं मला तेव्हा.

एकदा मी डब्यात अंबाडीची भाजी नेली होती, दाण्याचा कूट लावून. बाईंनी एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. "ही आमची मालाक्वांग. तुझ्या आईला कुणी शिकवली?" मग डबा पुसून खाल्ला त्यांनी, आणि त्याच दुपारी मला आपियोबद्दल सांगितलं.

त्यांच्यात जुळ्या मुलींपैकी आधी जन्मते ती आपियो, मागून येते ती आचेन. बाई आचेन. नाव सांगितलं की ऐकणारा विचारणारच, आपियो कुठे आहे? आपियोला बंडखोरांनी पळवून रानात नेलं होतं, बारा वर्षांची असताना. त्या काळात घरचे लोक शहरातल्या रेडिओवर जाऊन पोरांना हाका मारायचे, घरी या, कुणी रागावणार नाही. रानात ते ऐकलं जायचं, काही पोरं परतही यायची. बाईंची आईही गेली होती. आपियो आली नाही, पुढे आईही वारली. "पण ती टेप कुठेतरी असेल," बाई म्हणाल्या. तेवढ्यासाठी त्यांनी ही नोकरी धरली होती. आईच्या तोंडून ते नाव त्यांना एकदा ऐकायचं होतं.

हे सगळं मला माहीत होतं. तरी केलं.

काम पोचवायचा दिवस होता. बाई ताप येऊन घरी. त्यांच्या शेवटच्या फाइलवर लाल खूण आली, अकरा नावं पुसायची राहिलीत. बाईंसारखी काटेकोर बाई अकरा नावं विसरेल का, एवढंसुद्धा माझ्या मनात आलं नाही. मी सगळी एकदम निवडली, पुसली, फाइल पाठवली.

दोन दिवसांनी बाई आल्या, हेडफोन लावला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. आदल्या आठवड्यात त्यांना त्याच फाइलमध्ये आई सापडली होती. मला सांगायचं, तर मी नियमावर बोट ठेवीन, अशी भीती वाटली त्यांना. मी मूळ टेपसाठी दहा ठिकाणी लिहिलं. काम संपलं की मूळ टेपा नष्ट करायच्या, हाही नियमच. शेजारच्या टेबलावरची मेइ हळू आवाजात म्हणाली, "गॉन ऑलरेडी लाह."

मी रडत विचारलं, "बाई, रागावलात?"

"रागवायला तू परकी नाहीस," त्या म्हणाल्या. "पण आता आई कुणालाही बोलावते आहे."

नवऱ्याचं कंत्राट संपलं आणि त्या युगांडाला परत गेल्या. तिथे रेडिओवर कुणाकडे दुसरी प्रत असेल, असं म्हणत होत्या. अजून काही कळवलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. धीर होत नाही.

त्यांच्यामागे ती फाइल मी एकदाच ऐकली. त्या माउलीचा आवाज खरखरीत आहे, घाईचा. ती बोलते, थांबते, बोलते, थांबते. अकरा वेळा. मला अचोलीचं अक्षर कळत नाही. पण आता एमआरटीच्या गाडीत, जिन्यात, भांडी घासताना ती बोलायला लागते, आणि थांबली की माझा हात जागच्या जागी राहतो. वाटतं, त्या जागी आता ती माझं नाव घेणार.