अनुमोदनकाकांची उमेदवारी

अनुमोदनकाकांचा हात तोंडाच्या आधी वर जायचा. मंडळाच्या सभेत कुणी कुणाचंही नाव सुचवलं, की मागच्या रांगेतून "अनुमोदन!" यायचंच, कधीकधी आडनाव पूर्ण व्हायच्या आत. एकदा मी "जरा दार लावा" म्हटलं, तर त्यालाही मिळालं. मी ते सवयीने इतिवृत्तात लिहिलंसुद्धा.

काका मूळचे गुहागरकडचे, इथे आखातात राहायला सनदला, काम एसी दुरुस्तीचं. ते म्हणायचे, "वहिनी, नाव सुचवणारे ढीगभर. पण सुचवलेला माणूस एकटाच उभा राहिला की कावराबावरा होतो. कुणीतरी झटकन 'हो' म्हणायला हवं."

एका वर्षी कार्यकारिणीतली एक जागा रिकामी झाली. आमच्या पॅनेलला एकच उमेदवार द्यायचा होता. काकांचा मला फोन आला. "यंदा मला उभं राहायचंय. बायको म्हणते, वीस वर्षं दुसऱ्यांना उभं केलंत, आता पुरे. पण माझं नाव मीच कसं सांगू? तुम्ही सुचवा." पॅनेलची चिटणीस मीच. शुक्रवारच्या बैठकीच्या कामांच्या यादीत मी ते पहिलं लिहिलं.

हूरा भागातल्या एका हॉटेलच्या माडीवर बैठक भरली. मी काकांचं नाव सुचवलं. मागून लगेच आवाज आला, "अनुमोदन!"

हात काकांचाच होता.

अध्यक्ष बापट म्हणाले, "अहो काका, स्वतःलाच कसलं अनुमोदन? दुसरं कुणी?"

सगळे सवयीने काकांकडे बघायला लागले. काकाही वळून मागे बघायला लागले. मागे भिंत होती.

"ते काम काकांचं ना?" ड्रायव्हर सावंत कुजबुजला.

"खलास," बापट म्हणाले. "यल्ला, चला, पुढचं नाव."

पुढचं नाव बँकेतल्या देशपांड्यांचं. ते उभे राहिले. पुन्हा कुणाचाच हात वर नाही. मी डोळ्यांनी काकांना खुणावत होते, गप्प बसा, गप्प बसा. काकांनी हात मांडीखाली दाबून धरला. देशपांड्यांनी टाय सैल केला, पाणी प्यायले, कसंनुसं हसले.

"अनुमोदन!" काका ओरडले.

झालं. देशपांडे उमेदवार.

"काका, अहो थोडी कळ काढायची!" मी चिडून म्हटलं. "कुणालाच अनुमोदन नसतं, तर मी तुमचं नाव पुन्हा घेतलं असतं."

"दहापर्यंत मोजले हो, वहिनी. त्याचं तोंड बघवेना."

मग त्यांनी पिशवीतून पेढ्यांचा डबा काढला आणि वाटायला सुरुवात केली. झाकणावर काकूंच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती : 'आमच्या ह्यांची निवड झाल्याबद्दल'. देशपांड्यांनी ती वाचली आणि त्यांचा हात थबकला. "काका, हे 'ह्यांची' म्हणजे..."

"चिठ्ठी सोडा हो साहेब, पेढा घ्या."

देशपांडे निवडून आले, काम बरं केलं. काका पुढच्या वर्षी कायमचे गावी गेले. त्या निवडणुकीचे जुने कागद मी फाडून टाकले. डब्यावरची चिठ्ठी तेवढी ठेवलीय. कुठल्या फाईलला लावावी, यावर फार विचार केला नाही. 'विजयी उमेदवार'मध्ये लावली.